मनगटावरची थाप

१२ फेब्रुवारी

चिमे,

तुझ्या पत्रातल्या एका वाक्यामुळे हे पत्र लिहावं लागतंय. 'ज्या बाईनं माझा जीव घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं, तिच्या घरी मी पाऊल टाकणार नाही, असं दादा म्हणतो.' वाक्य दादाचं, अक्षर तुझं. मी ते उभ्यानंच वाचलं. हातात पुस्तकबांधणीच्या सरसाचा ब्रश होता, तो वाळून काठी झाला तरी मी तशीच उभी होते.

फोन केला असता. पण फोनवर तू रडतेस, मी ओरडते आणि बोलायचं ते राहून जातं. म्हणून पत्र.

त्याला तुझ्याकडे पाठवला तो तुझं घर तळमजल्यावर आहे आणि मोठं हॉस्पिटल कोपऱ्यावर आहे म्हणून. दर रविवारी फोनवर 'बरा आहे' एवढंच म्हणायचा. मला वाटलं, अशक्तपणा असेल. नवरा मला घाबरतो हे मला नणंदेच्या पत्रातून कळावं? एवढी वर्षं एका टेबलावर काम केलं, कॉलेजात एका बाकावर बसलो, आणि हे मला पोस्टातून?

घडलं ते सांगते. तू तेव्हा नव्हतीस, आणि त्याला जे आठवतंय त्यावर विसंबून चालणार नाही. जानेवारीतल्या त्या सकाळी आम्ही दुकानात वकिलांच्या जुन्या फायलींचे गठ्ठे बांधणीसाठी कापत होतो. तो कटिंग मशीनच्या चाकाशी, मी कागद धरायला. त्यानं चाक सोडलं आणि तो खाली बसला. मला वाटलं, बसला. तो पडला होता. घशातून दोनदा घरघर झाली. त्याला श्वास म्हणत नाहीत. मी समोरच्या किल्लीवाल्याला ओरडून अँब्युलन्स बोलवायला सांगितलं आणि गुडघे टेकले.

हृदय बंद पडतं ते थांबलेल्या घड्याळासारखं, असं सगळ्यांना वाटतं. त्याचं थरथरत होतं, हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं. पिशवीत किडे वळवळावेत तसं. वळवळ भरपूर, काम शून्य. रक्ताचा थेंब पुढे जात नाही, आणि मेंदू काही सेकंदांत विझतो. अशा वेळी बाहेरून छाती दाबायची. दाबली की रक्त पुढे ढकललं जातं, सोडली की छाती वर येते आणि हृदय पुन्हा भरतं. हृदयाचं काम हात करतात. फार तर पाव काम करतात, पण तेवढ्यावर माणूस तग धरतो. मी हे वाचनालयातल्या प्रथमोपचाराच्या वर्गात रबरी पुतळ्यावर शिकले होते. तुझा दादा तेव्हा हसला होता, "पुतळ्याचा कसला राग काढतेस?" म्हणून.

त्याच्या दोन बरगड्या मोडल्या. मला आवाज आला, जाड पुठ्ठा दुमडल्यासारखा. अँब्युलन्स येईपर्यंत मी दाबत राहिले. त्यांनी झटका दिला, हृदय ताळ्यावर आलं, आणि म्हणून तो आज तुझ्या व्हरांड्यात बसून माझ्याबद्दल असली वाक्यं बोलू शकतो.

आता तुझ्या पत्रातली दुसरी गोष्ट. तीच जास्त भयंकर आहे. छातीत आतूनच झटका देणारं यंत्र बसवायची तारीख त्यानं रद्द केली आणि 'पुन्हा पडलो तर मला हात लावायचा नाही' असा तुझ्याकडून शब्द घेतला. आणि तू तो दिलास! चिमे, तो शब्द मोड. परत पडण्याची शक्यता आहे, म्हणून तर यंत्र बसवायचं आहे.

तुझी वहिनी


१९ फेब्रुवारी

वहिनी,

तू पत्र लिहितेस की प्रयोगाची वही? पाव काम, थरथर, किडे! माझ्या बालवाडीतल्या पोरांनासुद्धा मी गोगलगाय मेली तर जरा हळू सांगते.

मी काही आंधळी नाही. तुझ्यामुळे तो हॉस्पिटलात जिवंत पोचला हे मला मान्य आहे. पण दादा जे सांगतो ते तू लिहिलंच नाहीस. का लिहिलं नाहीस?

तो म्हणतो, मी जागा होतो. वहिनी, तो जागा होता! तुझा चष्मा नाकावर घसरलेला, तुझे केस कपाळाला चिकटलेले, हे सगळं तो सांगतो. छतावरच्या पंख्याला अडकलेला दोरा सांगतो. किल्लीवाला आधी काचेबाहेर, मग डोक्याशी, तेही सांगतो. त्याला श्वास घेता येत नव्हता, छातीत मोडत होतं, आणि तू सगळा भार टाकून दाबत होतीस. त्याला बोलता येईना, म्हणून त्यानं तुझ्या मनगटावर थाप मारली. आणि तू थांबलीस. मग पुन्हा सुरू झालीस. त्यानं परत थाप मारली. तू परत थांबलीस आणि परत सुरू झालीस. शेवटी तो थापा मारतोय आणि तू त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीस.

"इतक्या वर्षांत तिनं ती थाप कधी मोडली नव्हती गं," म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. माझा दादा! जो तापातसुद्धा विनोद करतो.

तुमचा तो किल्लीवाला गेल्या आठवड्यात भेटायला येऊन गेला. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं. बिचारा कावराबावरा झाला. म्हणाला, "ताई, मी काचेतून पाहिलं. साहेब बाईंचं मनगट धरत होते. मला वाटलं, भांडण आहे की काय." परका माणूस खोटं कशाला बोलेल?

मी शब्द दिलाय, आणि तो पाळणार आहे. एखादा माणूस जिवंतपणी 'थांब' म्हणतोय आणि आपण त्याच्या बरगड्या मोडत राहायचं, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही. तुझ्याच्यानं झालं, तू खंबीर. तू लहानपणापासूनच खंबीर असशील.

पण तू पहिल्या पत्रात 'मी दाबत राहिले' लिहिलंस. थांबलीस ते लिहिलं नाहीस. लपवायला काही नसतं तर लिहिलं असतंस.

चिमी


२४ फेब्रुवारी

चिमे,

लपवलं. बरोबर ओळखलंस. पण तू समजतेस ते नाही लपवलं.

आधी ती थाप. तू आमच्या दुकानात येऊन टेबलावर पाय हलवत बसायचीस, तरी तुला ती नीट ठाऊक नसेल. कटिंग मशीनचं पातं खाली येतं तेव्हा एकाची बोटं कागदावर असतात आणि दुसऱ्याचे हात चाकावर. मशीन खडखडतं, शेजारी शिलाईचं मशीन चालू असतं. ओरडून ऐकू जात नाही. म्हणून लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात ठरलं: मनगटावर थाप पडली की हात जागच्या जागी थांबवायचे. का, कशाला, हे नंतर. भांडण चालू असलं, अबोला असला तरी थाप म्हणजे थाप. आमच्या दोघांची वीसच्या वीस बोटं शाबूत आहेत ती त्यामुळे.

त्या दिवशी मी दाबत होते. थोड्या वेळानं त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. खरंच पाहिलं, चिमे. मला वाटलं, आला. तोंडातून शब्द निघेना, हात उचलला आणि मनगटावर थाप मारली.

माझे हात थांबले. मी थांबवले असं म्हणता येणार नाही. हात आपोआप थांबले. इतक्या वर्षांची सवय आहे ती.

मी म्हटलं, "आलास का? आहेस ना?" तो माझ्याकडे पाहत होता. मग त्याचं पाहणं निघून गेलं. डोळे उघडेच होते, पण पाहणं गेलं. ओठ राखेच्या रंगाचे झाले. मानेवर बोट ठेवलं, काही नाही. मी पुन्हा सुरू केलं. पुन्हा रंग आला, पुन्हा डोळे, पुन्हा थाप. आणि मी पुन्हा थांबले! दुसऱ्यांदा! बी.एस्सी. झालेली बाई, डोळ्यांसमोर एकदा घडलेलं असताना पुन्हा थांबले, कारण थाप पडली.

तिसऱ्यांदा मी त्याच्याकडे पाहिलं नाही. सरसाच्या भांड्याकडे नजर लावली आणि दाबत राहिले. तो थापा मारत होता. प्रत्येक थाप लागत होती.

डॉक्टरीणबाईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, क्वचित होतं. दाबणं चांगलं असेल तर मेंदूला पुरेसं रक्त पोचतं आणि माणूस जागा होतो, पण हृदय अजून बंदच असतं. हात थांबले की जमलेला सगळा दाब उतरतो. पुन्हा सुरू केलं की पहिले किती तरी धक्के तो दाब नुसता उभा करण्यात जातात. म्हणजे मी दोनदा थांबले तेव्हा दोनदा त्याला मरू दिलं. तेच लिहायला हात धजला नाही. त्याचा राग आहे की मी थाप मोडली. मी थाप पाळली, हे माझ्या जिवाला लागून राहिलंय.

तुझा प्रश्न आहे, जागा माणूस 'थांब' म्हणत असताना दाबायचं कसं? जागा आहे तो तुझ्या दाबण्यामुळे, म्हणून दाबायचं.

हे तोंडपाठ कर. आधी अँब्युलन्सला फोन. छातीच्या मधोमध, तळव्याच्या टाचेनं, जोरात आणि भराभर. प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची, कारण हृदयाला स्वतःला रक्त मिळतं ते तेव्हा. आणि त्यानं डोळे उघडले, हात धरला, थाप मारली तरी थांबायचं नाही. गाडीतली माणसं येऊन तुझ्या जागी बसेपर्यंत थांबायचं नाही.

हे पत्र त्याला वाचून दाखव.

वहिनी


२ मार्च

वहिनी,

वाचून दाखवलं. अर्धं मी रडत वाचलं, म्हणून त्यानं हातातून घेतलं आणि उरलेलं स्वतः वाचलं.

मग त्यानं पत्र घडी घालून माझ्या हातात दिलं. मी म्हटलं, "दादा, काहीतरी बोल."

"काय बोलू? तिला खोटं बोलता येत नाही. म्हणजे तिला तसं वाटतंय."

"वाटतंय म्हणजे? तिनं पाहिलंय!"

"चिमे, मी मेलो होतो म्हणते ती. मग थाप कोणी मारली? माझ्या चुलत्यानं?"

मला हसू आलं आणि रडूही. त्यालाही आलं असावं, पण त्यानं लपवलं. म्हणाला, "मेलेला माणूस माणसं ओळखत नाही, दोरे मोजत नाही. मी होतो. मी तिला सांगत होतो आणि तिनं ऐकलं नाही. बस्स."

यंत्राचं नाव काढलं की उठून आत जातो. छातीला कोणी हात लावायची कल्पनाही त्याला सहन होत नाही. परवा शेजारच्यांच्या नातीनं धावत येऊन मिठी मारली तर केवढ्यानं ओरडला. पोरगी घाबरून पळाली. नंतर तिला गोष्टीचं पुस्तक बांधून द्यायचं कबूल केलंय.

तुझं पत्र वाचल्यापासून मला झोप नाही. तू दोनदा थांबलीस हे वाचून मला तुझा राग यायला हवा होता. आला नाही. भीती वाटली. पण शब्द अजून त्याच्याकडे आहे, आणि तो परत देत नाही.

मी काय करू? खरं सांग, तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस, हे मात्र सांगू नकोस.

चिमी


६ मार्च

चिमे,

खालचा मजकूर त्याला दे. तू वाचलास तरी चालेल.

थाप कोणी मारली विचारतोस? तू मारलीस. हात तुझा, डोळे तुझे, राग तर नक्कीच तुझा. रक्त मात्र मी पाठवत होते. कॉलेजात तुझ्या सायकलला चाकावर घासून पेटणारा दिवा होता, आठवतो? तू पॅडल मारायचास तोवर लखलखीत उजेड. सिग्नलला थांबलास की काळोख. दिवा खोटा नव्हता. पण पाय थांबवून तो चालला असता का?

पटत नसेल तर माझं ऐकू नकोस. स्वतःलाच एक गोष्ट विचार. किल्लीवाला आपल्या दुकानात आत कधी आला?

तो काचेबाहेर उभा होता. नंतर तो तुझ्या डोक्याशी उभा होता. त्यासाठी त्याला ते दार उघडावं लागलं, जे आपण ढकलल्याशिवाय उघडत नाही आणि उघडताना अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं करकरतं. आत येताना त्यानं पुठ्ठ्यांची चळत पाडली, मला "बाई, बाई" करून हाक मारली, आणि मी त्याला शिवी दिली. मी! आयुष्यात पहिल्यांदा. तू जागा होतास, तर तेवढी एक शिवी तरी ऐकली असशील. कोणती ते सांग.

मी दुकानातच आहे. कटिंग मशीन तेव्हापासून बंद आहे. ते एकटीनं चालत नाही.


९ एप्रिल

वहिनी,

तू इथे होतीस ते चार दिवस माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. सगळं तूच केलंस. माणसं बोलावलीस, कागदांवर सह्या केल्यास, मला दूध पाजलंस. मला एका शब्दानंही विचारलं नाहीस. मी तुला दारापर्यंत सोडायलाही आले नाही. आता लिहिते.

तुझी ती चिठ्ठी त्यानं खिशात ठेवली होती. पुढचे कितीतरी दिवस एकच चाललं होतं. जेवता जेवता थांबायचा, म्हणायचा, "किल्लीवाला बाहेर होता. मग आत होता. मधलं दार मला सापडत नाही, चिमे." एकदा मला विचारलं, "तिला शिव्या येतात?" मी म्हटलं, "तुझ्याशी लग्न केलंय, आल्याच असतील." हसला. जानेवारीनंतर पहिल्यांदा नीट हसला. मी म्हटलं, "मग वहिनीला कळवते." तर म्हणाला, "थांब, मीच लिहीन. मला आधी पुरतं कळू दे." सोमवारी डॉक्टरांकडे यंत्राबद्दल नुसतं विचारायला जायचं ठरलं होतं. नुसतं विचारायला, असं दोनदा म्हणाला. पण शब्द परत दिला नव्हता.

शनिवारी सकाळी मी एप्रन बांधून ओट्याशी भांडी घासत होते. तो मागे खुर्चीवर बसून पेपरातलं कोडं मोठ्यानं वाचत होता. आवाज मध्येच तुटला. वळून पाहिलं तर तो जमिनीवर. तू लिहिली होतीस तशीच घरघर.

मी फोन केला. मग उभी राहिले, वहिनी. किती वेळ, माहीत नाही. शब्द दिला होता. हात लावायचा नाही म्हणाला होता. तो राखेच्या रंगाचा होत होता आणि मी शब्दाचा विचार करत उभी होते! मग तुझं पत्र तोंडातून यायला लागलं, पाढ्यासारखं. मधोमध, तळव्याची टाच, वर येऊ दे. मी बसले.

तू लिहिलंस ते मी समजले होते असं मला वाटत होतं. काहीच समजले नव्हते. ते डोळे उघडतात, वहिनी! माझ्या हातांखाली माझ्या भावाचे डोळे उघडले आणि त्यांनी मला ओळखलं. आणि हात उचलून त्यानं माझ्या मनगटावर थाप मारली. मी तुझ्यासारखी दुसरीकडे नाही पाहू शकले. मी त्याच्याकडे पाहतच ओरडले, "दादा, हे माझे हात आहेत! तुझं बंद आहे! मी थांबले तर तू जाशील. थांबू का?"

बालवाडीत ओरडते तशी ओरडले. त्यानं ऐकलं. शपथेवर सांगते, त्यानं ऐकलं. त्याचा हात माझ्या मनगटावर होता. तो त्यानं काढून घेतला.

मग मी दाबत राहिले, तो पाहत राहिला. किती बघत होता माझ्याकडे! गाडीतली माणसं आली, एकानं पलीकडून दाबायला घेतलं, दुसऱ्यानं मला मागे ओढलं, कापाकापी, चिकटपट्ट्या, झटका. मला माणसांच्या पाठीच दिसत होत्या. पुढचं तुला माहीत आहे. हृदय एकदा चालू झालं, गाडीत बंद पडलं, हॉस्पिटलात पुन्हा चालू झालं आणि दुपारी कायमचं थांबलं.

डॉक्टर म्हणाले, तुम्ही सगळं बरोबर केलंत. मला त्याचं काही नाही. मला एवढंच सांग, त्यानं हात का काढून घेतला? 'चालू दे' म्हणून काढला? की ही बाई शब्द पाळत नाही, वहिनीसारखीच आहे, आता सांगून उपयोग नाही, असं वाटून काढला? तो शेवटचा कोणत्या विचारात होता? मी त्याला वाचवत होते हे त्याला कळलं, की आपली बहीणही आपल्याला मारतेय असं वाटून गेला?

रात्रंदिवस हात चोळत बसते. मनगटावर अजून लागतं.

चिमी


१५ एप्रिल

चिमे,

तुझा प्रश्न मी दोन दिवस टेबलावर ठेवला. 'त्याला कळलंच असणार' असं लिहून पत्र बंद करता आलं असतं. मला माहीत नसलेलं मी लिहीत नाही, हे तुला ठाऊक आहे, आणि म्हणूनच तू मला विचारलंस.

एक मात्र मला माहीत आहे. तू थांबली नाहीस. त्याच थापेला मी दोनदा थांबले, तू एकदाही नाही. आणि मी नजर फिरवली, तू त्याच्याकडे पाहून त्याला खरं काय ते सांगितलंस. मला ते सुचलं नव्हतं. त्याला त्या क्षणी कोणीतरी काहीतरी समजावून सांगतंय, हे माझ्या वेळी घडलंच नाही. तू घाबरट नाहीस, चिमे. तसं मी आजवर किती वेळा म्हटलं असेल, ते मागे घेते.

हॉस्पिटलच्या खिडकीवर त्याच्या वस्तूंची पिशवी मिळाली होती. ती मी उघडली नव्हती. अँब्युलन्सवरचा एक माणूस तिथे उभा होता, काहीतरी सांगत होता. त्या वेळी माझ्या कानांत काही शिरत नव्हतं, मी नुसती मान हलवली. काल पिशवी उघडली. आतली एक वस्तू मला ओळखू येईना, म्हणून आज हॉस्पिटलला फोन लावून त्या माणसाला शोधून काढलं. त्याला चांगलं आठवत होतं. तो म्हणाला, "बाई, तेव्हाच सांगितलं होतं तुम्हाला. त्यांच्या बहिणीला बाजूला करायला तो बंद कापावा लागला. त्यांनी मुठीत धरून ठेवला होता. सोडेचनात."

काय काय ताब्यात मिळालं आणि कुठे आहे, ते लिहून ठेवते.

चष्मा, एक. माझ्याकडे.

शर्ट, पुढून कापलेला. माझ्याकडे.

पेन आणि माझी चिठ्ठी, चार घड्या घातलेली. माझ्याकडे.

चपला, एक जोड. किल्लीवाल्याला दिल्या, त्यानं मागितल्या.

एप्रनचा बंद, निळा, वीतभर, दोन्ही टोकं कात्रीनं कापलेली. उजव्या मुठीतला. तो तुझा आहे. या पाकिटातून तुझ्या ताब्यात.

वहिनी